पान एक्केचाळीस

गाय विकली की दावं मोकळं होतं.
हे विकलं तरी दाव्याला तसंच बांधलेलं राहतं,
रवंथ करत.
म्हणून त्याला विकणं म्हणतच नाहीत,
म्हणतात परवाना.
वापरायला दिलंय. दहा वर्षं. तुर्कस्तानापुरतं.
शेजाऱ्याला द्यायचं नाही.

ग्राट्सच्या एका कारखान्यानं
लोखंडी पत्र्यावर काच चढवायची आपली रीत
कायसेरीला दिली, त्याचा हा करार.
एकोणीस कलमं, तीन परिशिष्टं.
भट्टी आठशे तीस अंश. वेळ साडेतीन मिनिटं.
वाळू किती, टाकणखार किती, कोबाल्ट चिमूटभर,
चिमूट म्हणजे शून्य पूर्णांक सहा टक्के.
विकलेल्या दर भांड्यामागं तीन टक्के रॉयल्टी.
आणि परिशिष्ट क मध्ये, सुट्या भागांच्या यादीखाली:
तज्ज्ञ, नग एक, चौदा दिवस.

तो नग म्हणजे गेर्लिंडे प्रुच.
वय एकावन्न, डाव्या कानानं जरा कमी ऐकणारी.
उजवा कान भांड्याशी नेऊन टिचकी मारायची
आणि सांगायची, पास की नापास.
तो कान कुठल्याच कलमात नव्हता.
भाड्याच्या घराबरोबर अंगणातलं झाड यावं
तसा आला होता.

कायसेरीत सगळं कागदाबरहुकूम झालं.
पातेली निघाली निळीशार,
वाकून बघणाऱ्याचं तोंड दिसावं अशी.
आणि रात्री, कुणी हात लावला नसताना,
गोदामात टिक् टिक् वाजायला लागलं.
सकाळी फरशीवर काचेचे खवले,
कुणी मासे साफ करून गेल्यासारखे.
गेर्लिंडेनं परिशिष्ट अ वाचलं. पुन्हा वाचलं.
कागद बरोबर होता,
पातेलं चुकत होतं.

नवव्या दिवशी नुसरेत बोलला.
आडनाव कलायजी, म्हणजे आपले कल्हईवाले;
शब्दही तोच, वाटेत थोडा झिजलेला.
(शर्तीलाही तिकडे शर्तच म्हणतात.
हे कुणी कुणाला कितीला दिलं, नोंद नाही.)
तो म्हणाला, नळाचं पाणी जड आहे,
एर्जियेस डोंगरावरचं बर्फ आणून वितळवा.
आणि घोल आजच्या आज वापरू नका,
दमलाय तो. रात्रभर झोपू दे.
त्यानं पिंपावर बायकोचा रुमाल पांघरला,
पांढरा, सुती, कडेला लाल वीण.

दुसऱ्या रात्री दोघं गोदामात खोक्यांवर बसून राहिली,
दुभाषा झोपायला गेला होता.
उजाडेपर्यंत काही वाजलं नाही.

कलम बारा: घेणाऱ्यानं केलेली कोणतीही सुधारणा
देणाऱ्याच्या मालकीची. विनामोबदला.
त्याचा छापील तक्ता असतो. गेर्लिंडे भरत होती.
नुसरेतनं दुभाष्याला विचारायला लावलं,
माझं नाव कुठल्या रकान्यात येणार?
तारीख होती. यंत्र होतं. वर्णन होतं.
आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं,
उजव्या कानानंही ऐकू येऊ नये.

तरी तिनं लिहिलं.
प्रामाणिक बाई. निवृत्तीला चार वर्षं.

पुढचा करार ट्युनिशियात, स्फॅक्सशी.
एकवीस कलमं, किंमत दीडपट,
कारण आता रीत जास्त पक्की होती.
पान एक्केचाळीस:
पाणी हलके घ्यावे. घोल एक रात्र झाकून ठेवावा.
झाकण: सुती कापड, पांढरे, कडेला लाल वीण.
दिसलं ते सगळं लिहायची तिची सवय होती
की नाव घालायला दुसरी जागा सापडली नव्हती,
मला सांगता येत नाही.

स्फॅक्सच्या बाजारात हेदी नावाचा खरेदी-कारकून
चौथ्या दुकानात शिरतो.
दुकानदार म्हणतो, निळी वीण आहे, हिरवी आहे.
पातेल्यालाच झाकायचं ना? लालच कशाला?
हेदी घाम पुसतो.
करारात आहे, म्हणतो.